साहेबी कॉफी आणि दाराजवळचं पान

"प्यायला! काचेतून या डोळ्यांनी पाहिलं! कप पुढ्यात, आणि हा खुर्चीवर ऐटीत!"

खाणावळीच्या ओसरीवरून मालधक्क्यावरचा कारकून ओरडत होता. मी पायरीवरच थबकलो. आत दुपारची पंगत बसलेली, आणि सगळ्या माना माझ्याकडे.

तेव्हा मी कल्याण स्टेशनात तारमास्तर होतो. मुंबईपासून भुसावळापर्यंत कोण गेलं, कोण जन्मलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं माझ्या बोटांखालून जाई. त्यांत माझ्या नावाची तार कधी नसे. आई वारल्यावर गावाकडची पत्रंही थांबली. माणसं भेटायची ती काकूंच्या खाणावळीत, दोन्ही वेळा, पंगतीला. तिथं मात्र माझी चलती. ठाण्याच्या खाडीतून सुसर पाठुंगळी घेऊन पोहलो, कसाऱ्याच्या घाटात वाघाला लाल निशाण दाखवून थोपवला! थापा आहेत हे सगळ्यांना ठाऊक. पण हसता हसता माणसं जवळ सरकून बसतात, आणि मला तेवढंच हवं असे.

आदल्या दिवशी जीभ जरा जास्तच सुटली.

"साहेबासारखी कॉफी मागणारा या जिल्ह्यात मी एकटा! 'कॉफी लाओ' हे साहेब चाकराला ओरडतो. आपल्या बरोबरीच्या माणसाकडे मागायची तर बोलणं निराळं. 'आय शुड लाइक अ कप ऑफ कॉफी, इफ यू प्लीज.' नाहीतर 'मे आय ट्रबल यू फॉर सम कॉफी?' म्हणजे, कॉफीसाठी तुम्हाला जरा त्रास देऊ का?"

"आम्हाला रोज देतोस तो पुरत नाही का रे?" कारकून म्हणाला. पंगत खदखदली. "जा, मागून दाखव. पण घोट घेतलास तर पान वेगळं, आत्ताच सांगतो."

स्टेशनातल्या रिफ्रेशमेंट रूममध्ये गोव्याचा किरिस्ताव बटलर होता. त्याच्या हातचं घेतलं की माणूस बाटला. प्रायश्चित्त होईपर्यंत पंगतीत कुणी शेजारी बसू देत नसे.

दुसऱ्या दिवशी मेल सुटली, साहेबलोक गेले, तसा मी आत शिरलो. बेत पक्का होता: वाक्य म्हणायचं आणि आल्या पावली परतायचं. बटलर टेबल पुसत होता.

"मे आय ट्रबल यू फॉर सम कॉफी?"

त्याचा हात थांबला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, आणि दिवसभर साहेबांची पोरंसोरंही त्याला 'बॉय!' म्हणून हाकारत. त्यानं फडकं बाजूला ठेवलं आणि एक खुर्ची मागं ओढली.

"नो ट्रबल ॲट ऑल, सर. प्लीज सिट डाउन."

माझ्यासाठी खुर्ची आजवर कुणी ओढली नव्हती. बसलो. त्यानं कॉफी आणली. दूध किती, साखर किती, विचारलं. 'जस्ट अ लिटल, थँक यू,' मी म्हणत गेलो. कपातून वाफ निघत होती. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. त्यानं ते पाहिलं आणि हळूच मराठीत म्हणाला, "नाही घेतली तरी चालेल. बसा थोडं."

बसलो. कॉफीवर साय धरेपर्यंत बसलो.

आणि आता पायरीवर उभा राहून मीही ओरडत होतो. "एक थेंब नाही! कप भरलेला तसाच ठेवून आलो. आईची शपथ!"

"सुसरीच्या वेळीही तिचीच घेतली होतीस," कारकून म्हणाला.

पंगत हसली. जवळ मात्र कुणी सरकलं नाही. जन्मात एकदा खरं बोललो होतो, आणि ते कसं बोलायचं याची मला सवयच नव्हती. आवाज नको तिथं चढला, नको तिथं चिरकला.

"काकू, तुम्ही तरी सांगा. मी पिईन का?"

काकू वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुमचं पान दाराजवळ मांडलंय," त्या म्हणाल्या. "भात निवतोय."