मेणाखाली राहिलेली ओल

मामंजींच्या दोरीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं आजबी फिरतं. मामंजी म्हंजे माझे सासरे, नूरमहंमद. आंदर मावळात नदीच्या काठाला आमचं घर. अंबाडी भिजवायची, सोलायची, मांडीवर वळायची आन् त्या दोरीला मेण पाजायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. मधाच्या पोळ्याचं मेण कातकरी डोंगरातनं आणून द्यायचे. मामंजी ते मंद इस्तवावर पातळ करायचे, दोरी त्यात बुडवून काढायचे आन् गरम असतानाच घोंगडीच्या तुकड्यानं चोळत बसायचे. बोटं भाजून भाजून कातडं पार कोडगं झालतं. अशी दोरी चार पावसाळे पाण्यात राहिली तरी कुजायचं नाव घ्यायची न्हाई.

आन् गावाला तीच दोरी लागायची. नदीवर पूल न्हवता. वाळल्या भोपळ्यांवर बांबूची ताटी बांधून हौशीरामभाऊ पावसाळाभर सांगड चालवायचे. बाजार, दवाखाना, लेकीबाळींचं माहेर, समदं त्या सांगडीवर. भोपळे धरून ठेवायचे ते मामंजींच्या दोरीनं. ती दोरी ते चैताच्या उन्हात महिनाभर टांगायचे, मगच मेणाला हात लावायचे.

दुसरी लढाई लागली त्याच्या आदल्या सालची गोष्ट. सांगडीची दोरी माळ्यावर उंदरांनी कुरतडली, आन् ते भाऊंना कळलं कवा, तर पाऊस सुरू झाल्यावर. आले धावत.

"आबा, चार दिसांत नवी दोरी द्या. न्हाईतर गाव अडकून पडंल."

"आभाळ भरलंय. वाळायची कशी?" मामंजी म्हणाले.

मीच शानपणा केला मधी. म्हटलं, चुलीवर टांगते, धगीनं वाळंल. झालं. चार दीस डोक्यावर दोऱ्या लोंबतायत, ओली लाकडं धूर करतायत, तीन पोरं भुकंनं रडतायत, आन् दिवसभर चिखलात भातलावणी करून मी आलेली. जीव नुसता वैतागला होता. चवथ्या दिशी मामंजी म्हणाले, "उम्मेहानी, मधला पीळ उकलून बघ बरं. आत गार लागतंय का?" त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोटांना तर भाजून भाजून गार-गरम कळायचंच न्हाई.

मी पीळ उकललाच न्हाई. भाकरी थापत बसल्या जाग्यावरनं म्हटलं, "वाळलीय कडकडीत." मामंजींनी दोरीला मेण पाजलं आन् भाऊ ती घेऊन गेले.

ओल्या दोरीनं मेण प्यालं की ओल आत कोंडती. वरनं दोरी चकचकीत, आतनं कुजत जाती. मला ठाऊक न्हवतं का? सात वर्सं नांदत होते त्या घरात. समदं ठाऊक होतं.

श्रावणात एक दीस घरातलं शिंकं तुटलं. दुधाचं मडकं खाली, फुटून ठिकऱ्या. पोरांवर वरडायला तोंड उघडलं आन् हातातल्या तुकड्याकडं नजर गेली. ते शिंकं मी त्याच दोरीच्या उरल्या तुकड्याचं केलतं. वरनं पिवळं मेण जसंच्या तसं, आत काळा चिखल, आन् वास असला की नाक धरावं. त्या दिशी बाजार होता. बाया सकाळीच सांगडीवरनं पल्याड गेलत्या.

मामंजींना जाऊन खरं काय ते सांगितलं. पीळ उकलला न्हवता, तेबी सांगितलं. त्यांनी लगेच काठी चाचपली आन् म्हणाले, "मला काठावर ने."

आमी पोचलो तवा सांगड मधोमध होती. एका बाजूचे दोन भोपळे सुटून वाहत चाललेले, ताटी कलंडलेली, बाया कमरंइतक्या पाण्यात. शेजारच्या सरुबाईनं तिचं तान्हं डोक्यावर धरलेलं. भाऊ पाण्यात उतरून ताटी रेटत होते. काठावरच्या गड्यांनी उड्या टाकल्या, कसंबसं वढून आणलं. जीव वाचले समद्यांचे, अल्लाची मेहेरबानी. मग भाऊंनी उरलेली दोरी नुसती मुठीत दाबली. तिचा भुगा झाला. सगळा गाव मामंजींकडं बघाय लागला.

मी म्हटलं, "भाऊ, ते मी..."

मामंजींनी माझं मनगट आवळून मला मधीच थांबवलं. "चूक माझी हाये," ते म्हणाले. "डोळं गेलं माझं. ओलीच दोरी मेणात घातली."

घरी येताना मी रडाय लागले, तर म्हणाले, "माझे हात आज न्हाई उद्या थांबणारच होते, पोरी. तुला हितं जलम काढायचाय."

त्या दिसापासनं त्यांची दोरी कुणी घेतली न्हाई. भाऊ तळेगावातनं काथ्या आणाय लागले. मामंजी उंबऱ्यात बसून लुंगीचा काठ वळत राहायचे, सोडायचे, परत वळायचे. मला ते बघवायचं न्हाई. रोज वाटायचं, जावं आन् चावडीवर सांगून टाकावं. पर भ्याले. सरुबाईशी रोज पाणवठ्यावर गाठ पडायची. तिचं ते पोर आता माझ्या पोरांत खेळायचं. चार वर्सं अशीच गेली, आन् मामंजीबी गेले.

माती झाल्यावर हौशीरामभाऊ भेटाय आले. मी चहा दिला. घोटभर पिऊन म्हणाले, "माणूस लाखातला होता, वयनी. पर डोळ्यांनी दगा दिला."

"व्हय भाऊ," मी म्हटलं, "डोळ्यांनीच दिला."