खंडेनवमीला घासलेला टायटन

खंडेनवमीच्या सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं. टेबलावर झेंडूची फुलं, उदबत्ती, आणि मधोमध माझा काचेचा फ्लास्क... लख्ख! बाहेरून हळदकुंकवाची बोटं, आतला तपकिरी थर गायब.

तो थर म्हणजे माझी पीएचडी होती हो! शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर हवेत नायट्रोजन आणि मिथेन असतो. उन्हानं त्यांची रासायनिक क्रिया होऊन नारिंगी धुकं तयार होतं. तेच मी फ्लास्कमध्ये विजेच्या ठिणग्या देऊन बनवत होते, आणि ते काचेवर तपकिरी थर होऊन बसत होतं. पावसाळाभर जमवलेला तो थर पुढच्या आठवड्यात तपासणीला जायचा होता.

"सर, हा कुणी धुतला?"

"मीच की," सर खुशीत म्हणाले. सर म्हणजे माझे गाइड, मूळचे लासूरचे. गावाकडं औतं घासायची तशी खंडेनवमीला ते लॅबची उपकरणं स्वतः घासतात. "लई मळला होता गं. पूजेला तसाच ठेवायचा व्हय?"

मी मटकन स्टुलावर बसले आणि रडायलाच लागले. थर मी आधीच खरवडून घेतला असेल, असं त्यांना वाटलं होतं. बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला.

मग एकदम ते बेसिनकडं वळले. पाण्यावर तेलाचा तवंग होता... "पण साबणानं इतक्या सहज कसा निघाला गं? ह्यो थर तर काचेला चिकटून बसाया पाहिजे."

दसरा झाल्यावर त्यांनी मला मिथेन बंद ठेवून नुसत्या नायट्रोजनवर प्रयोग चालवायला लावला. कार्बन येतो तो मिथेनमधून; तोच नाही म्हटल्यावर थर धरायलाच नको.

धरला! तसाच तपकिरी!

फ्लास्कमधली हवा काढणाऱ्या पंपातल्या तेलाची वाफ उलटी आत शिरत होती. या थरातला सगळा कार्बन तिचाच. पंपाच्या तेलाला टायटनचं आकाश म्हणून मी छापून मोकळी झाले असते, आणि पुढं जगभर शोभा!

आता पंप बदललाय, काम पहिल्यापासून सुरू आहे. सर अजून दिसले की माफी मागतात. परवा मीच वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "अगं, भांडं घासल्याबद्दल पाया पडतंय का कुणी?"

पडतंय, सर. चार महिने गेले, पण नाव राहिलं.