आजोबांच्या नाकाने पास केलेला पिपा

रॉकेलला आम्ही नागपूरकर मातीचं तेल म्हणायचो, आणि त्याचा रिकामा पिपा कोणी फेकत नसे. आई तो राखेने घासायची, सोड्याच्या गरम पाण्याने खळखळून धुवायची आणि उन्हात उपडा घालायची. शेवटी आजोबा मिशांसकट आत वाकून हुंगायचे आणि निकाल द्यायचे.

आत्याला पाहायला पाहुणे येणार होते. भर मे महिना! कूलरमध्ये पाणी ओतायला नवा धुतलेला पिपा निघाला.

"मामाजी, अजून एकदा सोडा लावते," आई आपल्या सासऱ्यांना, म्हणजे आजोबांना, म्हणाली.

"काहून वं? अत्तरदाणी झाली त्याची!" आजोबा गरजले. जन्मभर तपकीर ओढलेलं ते नाक कधीच निवृत्त झालंय, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

कूलर सुरू झाला आणि बैठकीत मातीच्या तेलाचा गार वारा सुटला. मुलाच्या आईने नाकाला पदर लावला. "मुलगी पाहायला आलो अन् हा वास? अपशकून आहे." सरबत न घेताच सगळे उठले. मुलगा मात्र फाटकापर्यंत वळून वळून पाहत होता.

"बाबा, तुमच्या नाकानं माहं नाक कापलं!" आत्या म्हणाली, आणि आम्ही पोट धरून हसलो.

त्यानंतर पिपे तीच धुवायची. आई म्हणायची, "झाला ना वं साफ."

आत्या मान वर न करता म्हणायची, "अजून एकदा."