पहिलं पीक देवाचं

इतवारी बाजारात नव्या तांदळाचा वास आला की सदर भागातल्या हॉस्टेलवरची ती दुपार आठवते. माझी ज्यू मैत्रीण रिबेका आणि नायजेरियाहून शिकायला आलेली इफी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

“आमच्या गावी नवा कंद आधी देवाला, मगच तोंडात,” इफी मोडक्या हिंदीत म्हणाली.

“अगं, आमच्या पूर्वजांचंही पहिलं पीक देवालाच!” रिबेकाने तिला मिठीच मारली. माझा नुसता जळफळाट झाला.

“तुमच्यात गं?” रिबेकाने मला विचारलं.

“मले नाही माहीत. डोकं दुखून राहिलं माझं.”

उशाशी आईने पाठवलेला डबा होता. त्यात नव्या तांदळाचे लाडू, आधी देवापुढे ठेवलेले. झाकण उघडलं असतं तर आम्ही तिघी झालो असतो.

ते लाडू मी एकटीनेच संपवले.