दोन दोऱ्यांमधली चादर

आमच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, बांबूच्या आडव्या काठीवर, वर्षभर एक जुनी चादर टांगलेली असे — मोरांची नक्षी पार उडालेली, उन्हाने कागदासारखी झालेली. चादरीच्या एका अंगाला अकरा लाल जर्स्या वाळत, दुसऱ्या अंगाला अकरा पांढऱ्या. माघातल्या कोरड्या वाऱ्यात त्यांच्या बाह्या फडफडायच्या, एकमेकींच्या दिशेने झेपावायच्या आणि मधल्या चादरीवर आपटून परत यायच्या... आत माणसं नसली तरी या भांडतातच, असं मला वाटे. लालची बाही पांढरीला लागता कामा नये, हा माझ्या वडिलांचा, नानांचा नियम होता. आणि तो मोडला तर काय होतं हे आमच्या घराला एकदाच, पण जन्मभर पुरेल इतकं कळलं.

आम्ही परीट. नंदुरबारच्या रेल्वे फाटकाला लागून आमचं दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण आणि हौद. फाटकाच्या अलीकडे शमशेर क्लब, पलीकडे मोती क्लब, आणि दोघांचे कपडे आमच्याकडे. दोन्हींत हिंदू होते, मुसलमान होते, पाटलांची पोरं होती, हमालांची होती. वैर जातीचं नव्हतं, धर्माचं नव्हतं, वैर रुळांचं होतं. रेल्वेतल्या कुणा हौशी माणसाने कधीकाळी या गावाला फुटबॉल दिला आणि तो बदली होऊन निघून गेला. आमच्या पोरांनी त्यातल्या लाथा तेवढ्या मनापासून उचलल्या. शमशेरवाले लाल, मोतीवाले पांढरे. मोती हे नाव संस्थापकाच्या कुत्र्याचं आहे, अशी शमशेरवाल्यांनी आवई उठवली होती, आणि ती खरीच होती. त्यामुळे मोतीचा संघ मैदानात उतरला की समोरची सगळी बाजू एका सुरात भुंकायला लागे. हसू नका. त्या भुंकण्यापायी एकाचा जबडा मोडलेला मी पाहिला आहे.

मैदान होतं मिरचीच्या पथाऱ्यांना लागून. हिवाळा लागला की गावाबाहेर एकरच्या एकर लाल मिरची उन्हात पसरलेली असे, तिच्या उग्र वासाने अख्खं गाव शिंकत असे, आणि सामन्याला येणारे लोक येता येता त्या मिरचीने खिसे भरून आणत. गोल झाला की आधी मिरचीची पूड उडे, मग रुळांमधली खडी, मग सायकलच्या चेना. पंच म्हणून उभं राहायला माणूस मिळत नसे. जो मिळे तो पुढल्या वर्षी आजारी असे. एकदा तर चेंडूच सुऱ्याने फाडला होता, का, तर तो मुद्दाम समोरच्या संघाकडे वळतो. सामना संपला की दोन्ही क्लबांची बोचकी आमच्याकडे येत आणि त्यांतून मला सगळा सामना समजे : फाटलेली कॉलर, दातांनी तोडलेली बाही, पाठीवर चपलेचा पुरा ठसा. रक्ताचा कपडा गरम पाण्यात टाकायचा नाही, डाग कायमचा बसतो. आधी थंड पाणी, मग मीठ — हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. माझ्या बालपणाला सोड्याचा, निळीचा, तापल्या कोळशाचा वास आहे, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, गंजक्या लोखंडासारखा, तो रक्ताचाही आहे.

मी नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. शमशेर आणि मोती यांचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी होता, दोन्ही बोचकी दुकानात येऊन पडली होती, आणि नेमकी त्याच दिवशी विसरवाडीहून मयतीची खबर आली. नानांना निघणं भागच होतं. जाता जाता ते मायला म्हणाले, "पांढरा आज भिजाड. लालले हात नको लावू, त्या मी सकायले देखसू." माय गोधडीत कुडकुडत होती, तिला दोन दिवस ताप होता. तिने मान हलवली आणि डोळे मिटले ते मिटलेच. मग मी ठरवलं, आपण धुवायचं. पांढरेही आणि लालही. नाना सकाळी येतील, दोन्ही दोऱ्या भरलेल्या बघतील, माझ्या डोक्यावर हात ठेवतील... एवढीच हाव होती हो.

नळाला पाणी दिवसाआड येई आणि हौदाचा तळ दिसायला लागला होता. मोठ्या घमेल्यात सोडा घालून मी पांढऱ्या जर्स्या भिजवल्या, आणि दुसरं घमेलं भरायला पाणी नाही म्हणून लालही त्यातच लोटल्या. परिटाची पोर होते, अगदीच अडाणी नव्हते. शमशेरच्या जर्स्या दोन वर्षं आमच्याकडे येत होत्या आणि थेंबभर रंग सोडत नव्हत्या. पण या त्या नव्हत्याच. अंतिम सामन्यासाठी त्यांनी सुरतेहून नव्या आणल्या होत्या, अगदी कच्च्या रंगाच्या, आणि मी बोचकं उलटं केलं तेव्हा नीट पाहिलंच नाही. जर्स्या भिजत टाकून मी पथाऱ्यांवर मिरच्या खुडणाऱ्या बायकांकडे पळाले. दिवस कलताना परत आले तर घमेल्यातलं पाणी नवरीच्या शालूसारखं लाल झालं होतं.

पांढऱ्या सगळ्या गुलाबी झाल्या होत्या. मी त्या चोळल्या, पिळल्या, आपटल्या, रडत रडत पुन्हा चोळल्या. त्यांचा रंग गेला नाही, उलट माझ्या हातांना लागला. तळवे लाल, नखांच्या कडा लाल. राखेने घासले, लिंबाने घासले, दगडाने घासले. शेवटी जर्स्या तशाच दोरीवर टाकल्या आणि मुठी मिटून मायच्या शेजारी जाऊन निजले.

सकाळच्या पहिल्या एसटीने नाना आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं, गोधडीतल्या मायकडे पाहिलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. तापाच्या गुंगीत मायनेच धुतले असतील असं त्यांना वाटलं, असं मला वाटलं — आणि मी ते वाटू दिलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. नानांनी डाग उडवायची रंगकाटाची पूड टाकून जर्स्या उकळल्या, तर गुलाबीवर पांढरे चट्टे उठले, आणखीच शोभा झाली. सामना चारला होता. तीन वाजता त्यांनी एकेक जर्सी इस्त्री केली, कॉलर मोडून नीट घडी घातली आणि मोतीचा माणूस आला तेव्हा हात जोडून म्हणाले, "चूक मन्ही शे." त्याने बोचकं उघडलं, बंद केलं आणि खांद्यावर टाकून गेला. घालायला दुसरं काही नव्हतंच त्यांच्याकडे.

मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नानांना तिथला आवाज ओळखता यायचा : कुठला गोलचा, कुठला मिरचीचा, कुठला खडीचा. त्या दिवशी आधी भुंकणं ऐकू आलंच नाही. लग्नातली गाणी ऐकू आली, मोठ्याने, टाळ्या वाजवून. शमशेरवाल्यांनी हळदीच्या अक्षता आणल्या आणि मोतीच्या पोरांवर उधळल्या, "नवरी उनी, नवरी उनी" म्हणत. मग एक आवाज उठला आणि वाढतच गेला. नानांनी हातातली इस्त्री ठेवली. आत जाऊन मायला म्हणाले, "पोरले मेंदी लाव."

माय तापातच उठली. शेजारच्या जुबेदाखालांकडून भिजवलेली मेंदी मागून आणली आणि माझे दोन्ही हात मनगटापासून नखांपर्यंत लिंपले, नक्षीबिक्षी काही नाही, नुसते लिंपले. "हालू नको व," एवढंच म्हणाली. मी चकित झाले होते. ज्या दिवशी माझं थोबाड फुटायला हवं होतं त्या दिवशी मला मेंदी लावत होते... मायचा ताप उतरत असेल, तिला लाड करावेसे वाटत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तिचे हात कढत होते आणि मेंदी गार होती.

मग ते आले. वीस-पंचवीस जण असतील. पुढे मोतीचा कप्तान रतन — मार्केटात हमाली करायचा, लहानपणी आमच्याच ओट्यावर गोट्या खेळलेला. अंगात गुलाबी जर्सी, तिच्यावर ओठातून गळलेलं रक्त, डोळे मिरचीने सुजलेले. त्यांच्या गोलकीपरची भुवई खडीने उघडी पडली होती, त्याला तसाच धरून आणला होता. ते हरले होते, आणि नुसते हरले नव्हते.

"शमशेरवाल्यासनी तुले काय दिधं?" रतनने विचारलं.

"काही नही दिधं, भाऊ. चूक मन्ही शे."

"कपडा कोनी धोयात?"

"मी धोयात."

मागून कुणीतरी ओरडलं, "तू त काल इसरवाडीले व्हता."

रतनची नजर दुकानातून मागे वळली, मायवर आली, मग माझ्यावर. मी दाराशी दोन्ही हात पुढे धरून उभी होते, मेंदी पुसली जाऊ नये म्हणून बोटं फाकवून. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मी संध्याकायलेच परत उनू," नाना म्हणाले. "धोयात त मीच."

नाना धडधडीत खोटं बोलत होते. मला वाटलं, मायला वाचवताहेत.

पुढचं फार वेळ चाललं नसावं. मला मात्र ते अजून चाललेलं दिसतं. त्यांनी नानांना दोरीच्या बांबूने मारलं. चादर फाटली, दोऱ्या तुटल्या, हौदात खडी पडली. नाना खाली पडले तरी लाथा थांबल्या नाहीत, त्या लाथांचा आवाज ओल्या कपड्यावर मोगरी बसावी तसा येत होता. मग दोघांनी त्यांना दुकानात ओढत नेलं, त्यांचा उजवा हात धरून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि रतनने पितळी इस्त्री उचलली. ती निखाऱ्यांनी भरलेली होती. नाना ओरडले तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. खोलीत सुती कपडा करपल्यासारखा वास आला, पण कपडा नव्हता तो. माझे हात तसेच पुढे होते. माय म्हणाली होती हालू नको, आणि मी हलले नाही.

जुबेदाखाला भिंतीवरून उडी टाकून आल्या, पन्नाशीची बाई. "हटो, कमबख्तो, मर जाएगा आदमी," म्हणत त्यांनी रतनला दोन्ही हातांनी ढकललं आणि नानांचा हात थेट निळीच्या बादलीत बुडवला. बादलीतलं पाणी हललं, वाफ आली. रतनने इस्त्री खाली ठेवली आणि तो त्या बादलीकडे बघत राहिला, मग सगळ्यांच्या आधी तोच पळाला.

दवाखान्यात नानांनी सांगितलं की हात चुकून इस्त्रीखाली आला. पोलिसांनाही तेच. मधली तीन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. दोन महिन्यांनी ते डाव्या हाताने इस्त्री करायला शिकले. पहिली कॉलर जमली तेव्हा त्यांनी ती मला दाखवली आणि हसले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी काही बोलले नाही. तेव्हा नाही, शाळेत असताना नाही, लग्न होऊन सुरतेला गेले तेव्हाही नाही. माझ्याकडे आता मशीन आहे, तरी पांढरं आणि रंगीत एका दिवशी धुवायला माझा हात धजत नाही.

पंचवीस वर्षं होऊन गेली. मैदानावर मंगल कार्यालय उभं राहिलं, मिरचीच्या पथाऱ्या दूर सरकल्या, पोरं मोबाइलवर परदेशी क्लबांसाठी एकमेकांना शिव्या देतात. शमशेर नाही, मोती नाही. रतन आहे, भाजीची गाडी लावतो, पोट सुटलं आहे, आणि आठवड्याला दोन शर्ट नानांकडेच टाकतो. नाना ते डाव्या हाताने इस्त्री करतात. मला राग येतो. नानांना येत नाही, किंवा आला होता तो कधीच विझला असेल.

यंदा नानांच्या पुतण्याच्या लग्नाला माहेरी गेले होते. माझी मुलगीही आता नऊ वर्षांची आहे. दुपारी मेंदी धुऊन ती नाचत दुकानात आली आणि दोन्ही तळवे नानांच्या पुढे धरले. मी टेबलाशी रतनच्या शर्टाची घडी घालत होते. नानांनी चष्मा सावरला, तिचा हात डाव्या हातात घेतला, पालथा केला, सुलटा केला, आणि त्या चिकटलेल्या बोटांनी तिच्या नखांच्या कडा एकेक करून पाहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आते हिनी काय धोयं?"

कोपऱ्यात माय गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी दोरीकडे पाहिलं तेव्हापासून ठाऊक होतं. ती मेंदी लाडाची नव्हती. माझ्या हातातली घडी सुटली. पंचवीस वर्षं घशात धरून ठेवलेलं वाक्य एकदम बाहेर आलं, आणि ते नानांचंच होतं. "नाना," मी म्हणाले, "कपडा मी धोयात."

नानांनी रस्त्याकडे पाहिलं. "हळू बोल," ते म्हणाले. "रतन येई ऱ्हायना, शर्ट लेवाले."