डाव्या बाजूचे दगड

क्लॅरी ट्रेलोर म्हणजे हट्टाचा मेरुमणी. बैल दूध देतो असं एकदा तोंडातून गेलं, की चरवी घेऊन गोठ्यात बसणारा माणूस.

त्याचं जुनं गाव यारंबी. धरणाच्या पाण्यात गेलं त्याला पन्नास वर्षं झाली. थडगी आधीच हलवली होती. पण क्लॅरीचं आणि त्याच्या बायकोचं, ऊनाचं, जन्मतःच, बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ, म्हणून चर्चच्या कुंपणाबाहेर पुरलेलं. ना नाव, ना दगड. ते तिथंच राहिलं. मग मोठा दुष्काळ पडला, तळं आटलं आणि चिखलातून चर्चच्या पायऱ्या वर आल्या.

"आता बसता येईल रे त्याच्यापाशी," ऊना म्हणाली. "पायऱ्यांच्या उजवीकडे आहे तो."

"उजवीकडे कसा? थांब, पुरावाच दाखवतो."

क्लॅरीनं जुन्या स्लाइडींचा डबा काढला. पुठ्ठ्याच्या चौकटीतली ती इवलीशी फिल्म, धूळ झटकून स्कॅनरच्या काचेवर ठेवली, की कॉम्प्युटरवर अख्खं यारंबी उभं राही. चर्च दिसलं, पायऱ्या दिसल्या, ताज्या मातीचा उंचवटा दिसला. डावीकडे.

"पोटात मी वागवलंय त्याला, क्लॅरी. उजवीकडेच."

"मग फोटोला काय तुझ्याशी वैर आहे? सकाळी चष्मा कुठं ठेवलास ते तुला आठवत नाही."

ऊना नुसती हसली. क्लॅरीनं डावीकडे दगड रचले. ती तिथं जाऊन बसायची, पण नजर पायऱ्यांपलीकडे. त्याच वर्षी ती गेली. बाळाशेजारी ठेवा, एवढंच तिचं मागणं. तिची राख त्या दगडांखाली ठेवली. मग पाऊस आला आणि तळं भरलं.

पुढे एकदा शेजारीण डल्सी केक घेऊन आली. त्या स्लाइडीवरून छापून क्लॅरीनं भिंतीवर लावलेला फोटो न्याहाळत म्हणाली, "चर्चपुढे हा ट्रक कुणाचा रे? स्टिअरिंग डावीकडे. अमेरिकेचा दिसतोय."

"अमेरिकेचा कसला, माझाच की तो. जन्मभर उजवीकडे बसून..."

क्लॅरी ताडकन उठला. त्यानं स्लाइड शोधली, काचेवर पालथी घातली. स्टिअरिंग उजवीकडे आलं. मातीही उजवीकडे आली.

रविवारी नव्या गावातल्या चर्चमध्ये सगळ्यांनी पावसाबद्दल देवाचे आभार मानले. एक क्लॅरी सोडून. डल्सीनं कोपरानं ढोसलं. "अरे, आमेन तरी म्हण. तळं काठोकाठ भरलंय."

"बघितलंय मी," क्लॅरी म्हणाला.