रबराची पाचर

पवनेच्या जलाशयावर माझी कॅटमरान आहे, दोन होड्या शेजारी जोडल्यासारखी छोटी शिडाची बोट. तिची डागडुजी करणाऱ्या भाऊंचं नाव विचारायचं आठ वर्षांत राहूनच गेलं. त्यांच्या ओठांत कायम दोन स्क्रू असतात, त्यामुळे ते बोलतात ते मोजकंच, ओठांच्या कोपऱ्यातून.

रविवारी मी यादी घेऊन गेले. पहिलं काम, पुढच्या शिडाची दोरी पकडणाऱ्या, डाव्या-उजव्या बाजूच्या दोन दातेरी क्लीट तपासणे. जोराचा वारा आला की दोरी एका झटक्यात सोडावी लागते, नाहीतर बोट उलटते. शेवटचं काम, बोटीला गिऱ्हाईक बघायला भाऊंना सांगणे.

"यादी ठिवा, ताई. आदी बोटीत बसा."

बोट काठावरच्या गवतात होती. मी बसले, डाव्या हातानं दोरी ओढली, सोडली.

"आता उजव्यानं."

"डाव्यानं जमतंय की."

"वारं तुमचा डावा हात बघून येतंय व्हय?"

उजव्यानं झटका बसेना. खांदा आखडल्याचं मी घरीही बोलले नव्हते.  जुन्या चपलेच्या टाचेतून रबराची पाचर कापून भाऊंनी उजव्या क्लीटखाली सारली आणि ओठांतले स्क्रू काढून पिळले. क्लीट माझ्याकडे झुकली. मी मनगट जरासं उचललं, दोरी सुटली.

"अजून काय हाय यादीत?"

शेवटची ओळ खोडत मी म्हटलं, "काही नाही, भाऊ. बोट पाण्यात ढकलू या."